भुंग्याचं नाक आणि आप्पांचं ऊन

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते आणि तारखा लिहून ठेवायची मला वाईट सवय आहे, घरचे त्यावरून हसतात. पण भुंग्याच्या नाकाचं जे काही वर्षभर चाललं त्यात ती वहीच कामाला आली, नाहीतर कधी काय सुरू झालं, कुठलं औषध कधी बंद केलं, हे आमच्यापैकी एकालाही धड सांगता आलं नसतं. आता दोनतीन जणांनी विचारलं की नक्की काय झालं होतं, म्हणून सगळं सलग लिहून काढतेय. औषधांचे आकडे दिलेत ते भुंग्याच्या वजनाचे आहेत, तुमच्या कुत्र्याला ते तसेच देऊ नका.

भुंगा म्हणजे आमचा कुत्रा. आई जर्मन शेफर्ड, बाप गल्लीतला कोणीतरी. तेव्हा वय पाच, वजन ३१ किलो, छातीवर एक पांढरा ठिपका सोडला तर सगळा काळाकुट्ट, म्हणून नाव भुंगा. आम्ही नाशिकला राहतो, जुनं बैठं घर आहे, पुढे ओटा आणि ओटा पूर्वेला तोंड करून. हे ओट्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेब्रुवारी २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा म्हणाला, आई भुंग्याचं नाक धुरकट दिसतंय. बघितलं तर डाव्या नाकपुडीच्या कडेला, जिथे काळी कातडी संपून केस सुरू होतात तिथे, एक राखाडी निळसर पट्टा आलेला. कुत्र्याचं नाक कधी जवळून बघितलंय का? त्यावर फणसाच्या सालीसारखे बारीक बारीक दाणे असतात, सगळं नाक त्या दाण्यांनी भरलेलं असतं. त्या पट्ट्यात ते दाणे सपाट झाले होते, जागा गुळगुळीत लागत होती. मला ते दिसलं होतं, वहीत लिहिलंसुद्धा, पण त्याचा अर्थ काय ते माहीत नव्हतं. शेजारी म्हणाले कॅल्शियम कमी पडलं असेल. आपल्याकडे कुत्र्याला काहीही झालं, लंगडला, केस गळले, भुंकला नाही, तरी कॅल्शियमच कमी पडलेलं असतं. एक बाटली आणली, पाजली, विषय संपला.

नंतर कळलं की नुसता रंग जाणं आणि दाणे जाणं यात खूप फरक आहे. लॅब्रॅडॉर, गोल्डन, हस्की अशा कुत्र्यांचं नाक थंडीत फिकट पडतं आणि उन्हाळ्यात परत गडद होतं, त्याला काही करायचं नसतं, कारण तिथे फक्त रंग जातो, दाणे जसेच्या तसे असतात, खपली नाही, लाली नाही. दाणे पुसले जायला लागले की मात्र आत काहीतरी चाललंय असं समजायचं. हे मला फेब्रुवारीत कोणी सांगितलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते.

मार्चमध्ये तो पट्टा गुलाबी झाला, मग त्यावर खपल्या यायला लागल्या. भुंगा जोरात शिंकला की खपली निघायची आणि फरशीवर रक्ताचे थेंब. १ एप्रिलला पहिल्यांदा रक्त आलं, तारीख लक्षात आहे कारण मुलाने शाळेतून आल्यावर मला सांगितलं तेव्हा मला ती एप्रिल फूलची गंमत वाटली.

मग घरचे उपाय सुरू झाले. आप्पा, म्हणजे माझे सासरे, वय ७८, भुंगा खरं म्हणजे त्यांचाच, आम्ही नावाला मालक. आप्पांनी हळद आणि खोबरेल तेल लावायला सुरुवात केली. तेल भुंगा दोन मिनिटांत चाटून टाकायचा आणि हळद मागे राहायची. तिने नुकसान काय झालं तर नाक पिवळं दिसायला लागलं, आणि लाल किती आहे, गुलाबी किती आहे, हे काही कळेना. एप्रिलमधले माझे सगळे फोटो पिवळे आहेत, पुढे डॉक्टरांना दाखवले तर त्या हसल्या.

मी त्याहून मोठा शहाणपणा केला. मुलाला मागच्या वर्षी नायटा झाला होता तेव्हाची एक ट्यूब कपाटात होती, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते ती, एकाच मलमात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड असं सगळं एकत्र असलेली. ती लावली. पाच दिवसांत नाक इतकं छान झालं की मी सगळ्यांना सांगत सुटले, फंगसच होतं, बघा कसं गेलं. ट्यूब संपली, आठवड्यात सगळं परत, आधीपेक्षा जास्त. परत एक ट्यूब आणली, परत बरं, परत उलटलं. अशा तीन ट्यूब झाल्या. आता कळतं की त्यातल्या स्टिरॉइडने सूज दाबली होती, बाकीच्या दोन औषधांचा त्यात काही हात नव्हता, आणि ते मलम जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते ते वेगळंच. पण त्या वेळी 'बरं वाटलं म्हणजे हेच औषध' एवढंच डोक्यात होतं.

एप्रिलच्या शेवटी एका दवाखान्यात नेलं. तिथे नाकाकडे लांबूनच बघून फंगस म्हणाले आणि बुरशीच्या गोळ्या दिल्या. काही तपासलं नाही. मी पण विचारलं नाही, कारण माझंही मत तेच होतं ना. दोन आठवडे गोळ्या झाल्या, काडीचा फरक नाही, उलट आता उजव्या नाकपुडीलाही तेच सुरू झालं.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या डॉक्टर मॅडमचं नाव सुचवलं, १० मे ला तिथे गेलो. या मॅडमनी नाकाला हात लावायच्या आधी बाकी सगळा कुत्रा बघितला. चारही पायांचे तळवे उलटे करून, बोटांच्या मधे, कानाच्या आत आणि बाहेर, ओठ वर करून हिरड्या, नखांची मुळं, आणि डोळ्यात टॉर्च मारून बराच वेळ. मी म्हटलं मॅडम प्रॉब्लेम नाकाचा आहे, तर म्हणाल्या म्हणूनच बघतेय. नाकावर असंच दिसणारे बरेच आजार आहेत आणि ते बाकी अंगावर काय सापडतं त्यावरून वेगळे काढायला लागतात. पेम्फिगस नावाचा कातडीचा आजार असेल तर त्याच्या पुळ्या आणि खपल्या बहुतेक नाकाच्या वरच्या केसाळ भागावर, कानांवर, तळव्यांवर पण येतात. एका आजारात नाकाचा रंग जातो आणि सोबत डोळे लाल होऊन कुत्रा आंधळा होऊ शकतो, तो अकिता, हस्की वगैरेंमध्ये जास्त, म्हणून डोळे. डिस्टेम्पर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार होऊन गेलेल्या कुत्र्याचं नाक आणि तळवे जाड कडक होतात. आणि कधी कधी तो कॅन्सरही असतो, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण नवऱ्याचा चेहरा उतरला तो घरी येईपर्यंत तसाच. भुंग्याचं बाकी सगळं स्वच्छ होतं, जे काय होतं ते फक्त नाकाच्या बिनकेसांच्या भागावर.

त्यांनी खपली उचलून खालचा ओलावा काचेवर घेतला, कातडी खरवडून खरजेच्या बारीक किड्यांसाठी बघितलं, बुरशीसाठी केस आणि खपल्या पाठवल्या, रक्त घेतलं, त्यात गोचिडीच्या तापाची पण टेस्ट केली कारण आपल्याकडे तो खूप आहे आणि पुढे जर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायची वेळ आली तर तो आत दबा धरून बसलेला नको. लघवी पण तपासली, त्यातून प्रोटीन जातंय का ते बघायला. बुरशी नव्हती. (माझ्या तीन ट्यूब आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या!) रक्त, लघवी व्यवस्थित. काचेवर मात्र भरपूर जंतू दिसले.

आणि मग प्रश्न. काय खातो, भांडं कशाचं आहे, घरात दुसरं जनावर आहे का, मलम काय लावलंत. मलमाचं मी खरं सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या आजपासून बंद, हळद पण बंद. मग विचारलं, दिवसभर असतो कुठे? नवरा म्हणाला घरातच असतो मॅडम, बाहेर सोडत नाही. मीही मान डोलावली. आम्ही दोघं सकाळी सातला घराबाहेर पडतो ते दुपारी येतो. आमच्या मागे घरात काय चालतं हे ज्या माणसाला माहीत होतं तो माणूस घरी पेपर वाचत बसला होता, त्याला विचारायचं कोणाला सुचलंच नाही. ही या पूर्ण प्रकरणातली आमची सगळ्यात मोठी चूक, मलमापेक्षाही मोठी.

प्लॅस्टिकच्या भांड्याने नाक पांढरं होतं असं बरेच जण सांगतात, आमचं भांडं प्लॅस्टिकचंच होतं म्हणून त्याच दिवशी स्टीलचं आणलं. काही फरक पडला नाही, पण धुवायला सोपं आहे म्हणून तेच ठेवलंय.

पुढचे तीन आठवडे फक्त अँटिबायोटिक, सेफॅलेक्सिन, ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मला वाटलं परत अंदाजाने औषध. पण मॅडमनी कारण सांगितलं ते पटलं. ओठांच्या आणि नाकाच्या कडेला जंतूंमुळे होणारा एक आजार असतो, तो दिसायला हुबेहूब ल्युपससारखा (ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), इतका की तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला तरी कधी कधी दोन्ही सारखेच दिसतात. तो नुसत्या अँटिबायोटिकने बरा होतो. म्हणून आधी जंतू पूर्ण साफ करायचे, आणि त्यानंतर जे उरेल त्याचा तुकडा काढायचा. आणि हे तीन आठवडे माझ्या मलमाचा असर निघून जायला पण हवेच होते, कारण स्टिरॉइड लावलेल्या कातडीचा तुकडा घेतला तर रिपोर्ट खोटं बोलतो. ५ जूनला खपल्या निम्म्याहून कमी झाल्या, रक्त यायचं थांबलं, पण रंग आला नाही, दाणे आले नाहीत, नाकपुडीच्या कोपऱ्यातलं ज्वारीच्या दाण्याएवढं व्रण, म्हणजे उघडी जखम, तसंच. म्हणजे जंतू होते पण ते नंतर येऊन बसलेले, मूळ दुखणं वेगळं.

बायोप्सी १२ जूनला. घरात यावरून वाद झाले. आप्पांचं म्हणणं, नाकाला भोक पाडून नाक बरं कसं होणार. मला भुलीची भीती. नाक इतकं नाजूक आणि रक्ताळ असतं की नुसतं बधिर करून जमत नाही, पूर्ण भूल द्यावी लागते. मॅडमनी दोन ठिकाणचे तुकडे घेतले, पेन्सिलच्या टोकासारख्या गोल पात्याने. मी समजत होते की जिथे सगळ्यात जास्त खराब तिथला घेतील, तर नाही, व्रणाच्या मधला तुकडा उपयोगाचा नसतो कारण तिथे वरची कातडीच उरलेली नसते, मग बघणार कशात. राखाडी कडेचा घेतात, जिथे काम नुकतं सुरू झालंय. जे दोन टाके पडले ते भुंग्याने चाटून चाटून चौथ्या दिवशी एक तोडलाच, गळ्यात कॉलर असूनही, जीभ एवढी लांब असते हे त्या दिवशी कळलं.

रिपोर्ट ११ दिवसांनी आला. ल्युपस, पण फक्त कातडीपुरता, डिस्कॉइड ल्युपस म्हणतात तो. कुत्र्यांमध्ये हा १९७९ मध्ये पहिल्यांदा नीट नोंदला गेला, जर्मन शेफर्ड आणि कोलीसारख्या जातींमध्ये जास्त, पूर्वी त्याला नुसतं कोलीचं नाक म्हणायचे. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. मुलाला हे फार आवडलं, तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की आमच्या कुत्र्याला लांडगा झालाय.

आजाराचं कसं आहे, शरीराचे रक्षक पेशी कातडीच्या सगळ्यात खालच्या थरावर हल्ला करतात. तो थर खराब झाला की त्यातला काळा रंग खाली सांडतो आणि वरून नाक पांढरं दिसतं, थर कमकुवत झाला की कातडी फाटते, व्रण होतात. ऊन यात तेल ओततं. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी दुखावतात आणि एरवी आत लपलेल्या गोष्टी पृष्ठभागावर येतात, आणि मग रक्षकांना त्या परक्या वाटतात. भुंगा दर पावसाळ्यात रेनकोट घातलेल्या माझ्या नवऱ्यावर असाच भुंकतो, घरचाच माणूस, पण अवतार बदलला की ओळख नाही. नाकावर केस नाहीत, त्यामुळे ऊन थेट तिथेच.

मी माणसांच्या ल्युपसबद्दल ऐकलं होतं, किडन्या जातात वगैरे, म्हणून हबकले. मॅडम म्हणाल्या अंगभर पसरणारा ल्युपस कुत्र्यांमध्ये वेगळा, त्यासाठीच लघवी आणि रक्त आधी बघितलं. माणसांत ल्युपससाठी करतात ती ए.एन.ए. नावाची रक्ताची टेस्ट करू का विचारलं तर नको म्हणाल्या, नाकापुरत्या ल्युपसमध्ये ती बहुतेक वेळा निगेटिव्हच येते. हा आजार जाणार नाही, पण यात कुत्रा मरतही नाही. नियंत्रणात ठेवायचा. फक्त वर्षानुवर्षं चिघळत ठेवला तर क्वचित त्या जागी कॅन्सर होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवायचं.

२४ जूनपासून औषधं. टॅक्रोलिमस ०.१ टक्का मलम दिवसातून दोनदा, पोटात डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅम रोज एकदा आणि नायसिनामाइड ५०० मिलिग्रॅम तीनदा. डॉक्सिसायक्लिन इथे जंतूंसाठी नाही, या दोन गोळ्या एकत्र दिल्या की प्रतिकारशक्ती जरा सौम्य होते म्हणून. फरक दिसायला दोन महिने लागतील हे आधीच बजावलं होतं, ते बरं झालं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात मी सगळं सोडून परत हळद लावली असती.

इथे एक सावध करते. मेडिकलवाल्याने नायसिनामाइडच्या जागी नायसिन दिलं, म्हणाला एकच आहे, बी थ्री. दोन्ही बी थ्री खरं, पण या कामाला नायसिन चालत नाही, आणि त्याने अंग लाल होऊन आग होते. पाकिटावरचं नाव वहीतल्या नावाशी जुळेना म्हणून मी मॅडमना फोन केला आणि वाचलो. नुसतं नायसिनामाइड लवकर मिळत पण नाही, बी कॉम्प्लेक्स पुढे करतात, ते घेऊ नका. आणि कुत्र्याला फिट येत असतील तर नायसिनामाइड सुरू करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा. डॉक्सिसायक्लिन कोरडं गिळवू नका, अन्ननलिकेत अडकलं तर तिथे जखम होते, आम्ही भाकरीच्या काल्यात देऊन वर ताक पाजायचो, तर मॅडम म्हणाल्या ताक नको, दूध-ताकाने ते औषध नीट शोषलं जात नाही, साधं पाणी पाजा.

मलम लावणं ही कला आहे. हातात मोजा घालून लावायचं, डाळीच्या दाण्याएवढंच, आणि पुढची दहा पंधरा मिनिटं त्याने चाटू नये म्हणून गुंतवायचं. आम्ही जेवायच्या आधी लावायचो आणि मग भाकरीचे तुकडे एकेक करून हळूहळू द्यायचो, म्हणजे जीभ नाकाकडे न जाता तोंडाकडे राहते. पंधरा दिवसांनी असं झालं की मी मोजा घातला की भुंगा स्वतः येऊन नाक पुढे करायचा.

जुलैत नाशिकला तुफान पाऊस, गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुती पाण्यात उभा. ऊन आठ आठ दिवस दिसत नव्हतं. आणि नाक सुधारत होतं! ऑगस्टच्या मध्यावर व्रण भरलं, कडेने काळे ठिपके यायला लागले, मिरपूड भुरभुरल्यासारखे, आणि सप्टेंबरमध्ये निम्म्या भागात परत दाणे. मी फोटो घेऊन नाचतच मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या छान आहे, पण हे औषधाने झालं की पावसाने झालं हे मी आत्ता सांगू शकत नाही. मला राग आला होता खरं सांगायचं तर. दोन गोष्टी एकाच महिन्यात बदलल्या तर परिणाम कशाचा हे सांगता येत नाही, हे मी स्वतः मुलांना शिकवते, आणि घरच्या कुत्र्याच्या बाबतीत सोयीस्कर विसरले.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडत होता. मग आभाळ एकदम स्वच्छ झालं. २४ ला लक्ष्मीपूजन, त्या दिवशीचा फोटो चांगला आहे. ६ नोव्हेंबरच्या फोटोत डावी नाकपुडी परत गुलाबी. १२ तारखेला खपली. गोळ्या चालू, मलम चालू, एक डोस चुकलेला नाही, वहीत टिका आहेत.

दिवाळीची सुट्टी असल्यामुळे मी घरी होते आणि म्हणून मला दिसलं. सकाळी आठला आप्पांनी खुर्ची ओट्यावर टाकली, पेपर उघडला, आणि भुंगा जाऊन त्यांच्या पायाशी उन्हात आडवा, नाक बरोबर सूर्याकडे. साडेदहापर्यंत दोघं तिथेच. पेपर संपला, शब्दकोडं झालं, मग आत. मी विचारलं आप्पा हे रोज असं? तर म्हणाले, अगं रोजच, तो पिल्लू होता तेव्हापासून, पावसाळ्यात तेवढं बसता येत नाही. आणि वर म्हणाले, कोवळं ऊन अंगाला चांगलं असतं, त्याच्या नाकाला पण शेक मिळावा म्हणून मी मुद्दाम बसवतो त्याला.

आता यांना काय म्हणायचं. आम्ही त्यांना 'ऊन टाळा' असं नीट कधी सांगितलंच नव्हतं, आम्हाला वाटलं कुत्रा घरातच असतो. आणि आठचं ऊन कोवळं असेल, दहाचं कोवळं नसतं, आमच्याकडे तर नाहीच. रोज अडीच तास, वर्षाचे आठ महिने, पाच वर्षं. मी सरळ म्हटलं, आप्पा, त्याला उद्यापासून ओट्यावर आणू नका. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पेपर न वाचता खोलीत पडून राहिले, जेवणही कमी, आणि भुंगा ओट्याच्या बंद दाराशी बसून रडत होता. दोन दिवस असे गेले. नवरा म्हणाला कुत्र्याचं नाक वाचवताना म्हाताऱ्याचं डोकं फिरेल.

मग मधले उपाय शोधले. सनस्क्रीन सुचवलं कोणीतरी. माणसांच्या बऱ्याच सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, कुत्रा ते चाटतो आणि झिंक पोटात जाणं त्याला घातक असतं, आणि न चाटता राहणारं कुत्र्याचं नाक मी तरी बघितलेलं नाही. मी जुन्या बनियनचा नाकाला झापड शिवला, इलॅस्टिक लावून, चार मिनिटं टिकला, पाचव्या मिनिटाला भुंग्याने त्याचं चघळणं केलं. ओट्याला हिरवी नेट लावली तर आप्पांना पेपर दिसेना, आणि नेटमधून ऊन येतंच.

शेवटी जे जमलं ते नवऱ्याने सुचवलं. घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाहेर एक ओसरी आहे, धुण्याचा दगड आणि गॅसच्या टाक्या ठेवायची जागा, पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे सकाळी पूर्ण सावली. ती आवरली, टाक्या हलवल्या, आप्पांची खुर्ची तिथे नेली. आप्पांना स्वतःला ऊन हवंच होतं, हाडं दुखतात, म्हणून ते साडेसातला अर्धा तास एकटे पुढे बसतात, भुंगा तेव्हा नवऱ्याबरोबर फिरायला, आणि आठला दोघांची भेट मागे. दुपारी चारनंतर मागे ऊन येतं तोपर्यंत भुंगा आत झोपलेला असतो. खिडकीतल्या उन्हाचा पट्टा पडतो तिथेही पडदा लावला, कारण काचेतून सगळी किरणं अडत नाहीत, काही येतातच.

बाकी औषध काहीही बदललं नाही, मॅडमनी मुद्दाम बदलू दिलं नाही, या वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणाल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खपली गेली, जानेवारीत रंग भरायला लागला, तेही नाशिकच्या लख्ख कोरड्या हवेत, पावसाचं कुठे नाव नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये डॉक्सिसायक्लिन बंद केलं, नायसिनामाइड हळूहळू तीनवरून दोन, दोनवरून एक. खरी परीक्षा मार्च-एप्रिलची होती. एप्रिलमध्ये एकदा लग्नाला गावी गेलो, तिथे दोन दिवस मांडवाच्या बाहेर बांधला होता, आल्यावर लगेच कडेला गुलाबी रेघ. आठ दिवस मलम परत दोनदा केलं, गेली.

आत्ता मलम एक दिवसाआड रात्री, गोळ्या बंद. नाक जवळजवळ काळं आहे, डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा गुलाबी डाग राहिलाय, तिथे व्रण खोल होतं, तो काही भरणार नाही असं दिसतंय. दर १ तारखेला त्याच खिडकीपाशी त्याच वेळी फोटो काढते. पहिल्या वर्षात सगळं मिळून १८ हजारांच्या आसपास गेले, त्यात निम्मे बायोप्सी आणि तपासण्यांचे. ती बायोप्सी मार्चमध्येच केली असती तर कमी लागले असते, पण मार्चमध्ये आम्ही कॅल्शियम पाजत होतो.

मागच्या ओसरीत सकाळी उजेड कमी पडतो, आप्पांना शब्दकोड्याचे आकडे दिसत नव्हते, म्हणून तिथे ट्यूबलाइट बसवलीय. आप्पा आल्यागेल्याला सांगतात, बाहेर एवढं ऊन पडलेलं असताना कुत्र्यासाठी दिवसाढवळ्या लाइट जाळणारं घर बघायचं असेल तर या आमच्याकडे.